तिकटीवरचा लाल रंग : मंत्रिमहोदयांना खुले पत्र

मा. मंत्रिमहोदय,
(रस्ते ज्यांच्या खात्यात येतात ते)

सप्रेम नमस्कार.

हे पत्र मी सांगतोय आणि धाकटी मुलगी लिहून घेतेय, कारण माझ्या उजव्या मनगटात प्लेट आणि सहा स्क्रू आहेत. कोल्हापूरच्या उद्यमनगरात मी टर्नर आहे. 31 वर्षं लेथवर, म्हणजे लोखंड कातायच्या यंत्रावर, उभा आहे. म्हणजे होतो.

मृग निघून दोनच दिवस झाले होते. रात्री जेवण झाल्यावर मी आणि बायको स्कूटरवरून कट्ट्यावर धारोष्ण दूध प्यायला गेलो, येताना घरासाठी किटलीत लिटरभर घेतलं. पाऊस म्हणावा असा पाऊससुद्धा नव्हता, नुसती भुरभुर. आमच्या तिकटीच्या, म्हणजे तीन रस्ते मिळतात तिथल्या, उतारावर, शाळेच्या फाटकाच्या अलीकडे, कुत्रं आडवं आलं म्हणून ब्रेक दाबला. गाडी थांबली नाही. आडवी झाली आणि आम्हा दोघांना घेऊन खाली घसरत गेली. आपल्याकडे 'खटक्यावर बोट, जाग्यावर पलटी' म्हणतात, आमचं ब्रेकवर बोट होतं एवढाच फरक. बायकोच्या गुडघ्याच्या वाटीला चीर गेली. दूध रस्त्यावर सांडलं आणि लाल पट्ट्यावरून ओघळत गटारीपर्यंत गेलं. हात उलटा पडलेला असताना मी ते बघत होतो, हे मला अजून रात्री आठवतं.

तो लाल पट्टा म्हणजेच आपला अँटिस्किड, गाडी घसरू नये म्हणून घातलेला थर, साहेब.

गेल्या साली ह्याच जागी एक शाळकरी पोरगी घसरून पडली, तेव्हा आमच्या तरुण मंडळाने रस्ता अडवला होता. आपल्या वतीने आलेल्या साहेबांनी सगळ्यांसमोर शब्द दिला : पावसाळ्याच्या आधी अँटिस्किड सरफेसिंग करून देतो. त्यांनी ते केलं, हे मान्य करायला पाहिजे. नारळ फुटला, फ्लेक्स लागला, फोटो निघाले. एका रात्रीत तिकटीच्या तिन्ही तोंडांना लाल पट्टे आले. सकाळी मी त्यावर बोट फिरवलं. आमच्या धंद्यात जॉबवर, म्हणजे कातलेल्या तुकड्यावर, बोट फिरवून फिनिश कळतो. तो पट्टा घासून-पुसून घेतलेल्या बोअरसारखा, म्हणजे कातून गुळगुळीत केलेल्या भोकासारखा, लागला. खर नाही, दाणा नाही, नुसता रंग. मी तेव्हाच मंडळाच्या पोरांना म्हणालो, हे अँटिस्किड नव्हे, हे नुसतं स्किड आहे. पोरं हसली. आता मला हसू येत नाही.

जॉब गुळगुळीत करायचे मी पैसे घेतो. तुम्ही रस्ता गुळगुळीत करायचे घेता. फरक एवढाच की माझा जॉब गुळगुळीत नसेल तर गिऱ्हाईक परत पाठवतो.

हात बांधून घरी बसल्यावर माणसाला वाचायला वेळ मिळतो. खरं अँटिस्किड काय असतं ते मुलीने शोधून दिलं. आधी रेझिनचा थर, आणि त्यात एक ते तीन मिलिमीटरची भाजलेल्या बॉक्साईटची खडी घट्ट रुतवलेली. लंडनमध्ये चौकांच्या अलीकडे हे 1960च्या दशकापासून घालतात. रंग लाल असो की हिरवा, त्याचं काम फक्त दिसायचं. धरून ठेवते ती खडी. चाकाखाली घासून दगड किती गुळगुळीत होतो, हे मोजायचा एक आकडा असतो, पॉलिश्ड स्टोन व्हॅल्यू. वरच्या थराच्या खडीचा तो किमान 55 हवा, असं सरकारच्याच स्पेसिफिकेशनमध्ये आहे. भाजलेल्या बॉक्साईटचा 70 च्या आसपास जातो. आणि बॉक्साईट म्हणजे काय, साहेब? तर आमच्याच राधानगरी-शाहूवाडीच्या पठारांवरून जे ट्रकच्या ट्रक भरून गेलं ते. पठारं आमची खणायची आणि तिकटीवर रंग लावायचा!

बरं, तिकटीच का घसरते? तिथे प्रत्येक गाडी ब्रेक मारते आणि प्रत्येक गाडी पिकअप घेते. हंगामात उसाचे दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर त्या चढावर जागीच चाक फिरवतात. दगड घासून आरसा होतो, एप्रिल-मेच्या उन्हात डांबर वर येतं, त्यावर ऑइल, टायरची भुकटी आणि शेतातली माती बसते. मोठा पाऊस ते धुऊन नेतो. भुरभुर पाऊस त्याचा साबण करतो. हे कळायला इंजिनिअर लागत नाही. उद्यमनगरात चहाच्या गाड्यावर विचारलं तरी कुणीही सांगेल.

मुलगी पॉलिटेक्निकला आहे, तिने गणित मांडलं. 40 च्या वेगाला चांगल्या खरखरीत रस्त्यावर ब्रेक लागल्यापासून गाडी साधारण 9 मीटरमध्ये थांबते, ओल्या गुळगुळीत रस्त्यावर 21 मीटर लागतात. आकडा इकडेतिकडे असेल तर आपल्या तज्ज्ञांनी दुरुस्त करावा. पण मधल्या त्या 12 मीटरांत शाळेचं फाटक आहे, ते काही इकडेतिकडे होत नाही.

तक्रार घेऊन पहिल्या कार्यालयात गेलो तर म्हणाले, तिकटीचा वरचा रस्ता आमचा, उतार आमचा नाही. दुसरीकडे म्हणाले, उतार हद्दीबाहेर येतो. आमची महापालिका 1972 ला झाली आणि हद्दवाढीची चर्चा मी लेथ शिकायच्या आधीपासून ऐकतोय, पण त्या चर्चेत माझा हात मोडेल असं वाटलं नव्हतं. तिसऱ्या कार्यालयातला माणूस बिचारा खरं बोलला : 'काका, काम पूर्ण म्हणून नोंद झालीय, आता परत कसं काढणार?' मी माझं मोडलेलं मनगट दाखवलं. तो म्हणाला, 'ते दिसतंय, पण त्याला आमच्याकडे कॉलम नाही.'

वर शहाणे सल्ले. वकील असलेल्या मेव्हण्याने सांगितलं, हायकोर्टाने 2025 च्या ऑक्टोबरमध्ये आदेश दिलाय, खड्ड्यात पडून जखमी झालेल्याला 50 हजारांपासून अडीच लाखांपर्यंत भरपाई. आता हायकोर्टाचं सर्किट बेंचही कोल्हापुरातच आहे, मुंबईची गाडी पकडायला नको. मी म्हटलं, दाजी, खड्डाच नव्हता की! रस्ता एकदम झकास होता, त्यानेच घात केला. म्हणजे पुढच्या वेळी पडताना आम्ही खड्डा बघून पडावं काय? मोटार वाहन कायद्यात 2019 ला 198अ कलम घातलंय, रस्ता नियमाप्रमाणे न केल्यामुळे कुणी मेला किंवा जायबंदी झाला तर जबाबदार माणसाला एक लाखापर्यंत दंड. माणसाच्या जिवाचा हा भाव कुणी काढला? 2022 साली देशात रस्त्यावर 1,68,491 माणसं मेली. दिवसाला 460 च्या वर. विमान पडलं की चौकशी समिती बसते, स्कूटर पडली की लोक म्हणतात, सावकाश चालवायला काय झालं होतं?

तेही ऐकून घेतो. पण एक सांगतो. कोल्हापुरातल्या टोलविरोधी आंदोलनात एन. डी. पाटील सर आणि गोविंद पानसरे अण्णा या पुढाऱ्यांच्या मागे मी दुकान बंद ठेवून चाललोय. 2015 च्या डिसेंबरात टोल गेला तेव्हा साखर वाटली. आम्हाला वाटलं होतं रस्ते आता आमचे झाले. आमचे झाले ते फक्त पडायला. कुणी मोठा माणूस येणार म्हटलं की रातोरात दुभाजक धुतले जातात, झाडांना गेरू लागतो, आणि तो गाडीच्या काचेतून बघून जातो. काचेतून रंगच दिसणार. खर हाताला लागते, त्यासाठी उतरावं लागतं.

घरचं सांगू? शर्टाचं बटण बायको लावते आणि तिचा गुडघा वाकत नाही म्हणून मी खुर्चीत बसतो, ती उभी राहते. शेजारचे काका एक दिवसाआड पायाचं सूप आणून देतात, हाडं जुळतात म्हणून. लेथवर पोरगा लावलाय. कालच त्याने एका शाफ्टचा साईझ 20 पॉइंट खाली घालवला, अख्खा जॉब भंगारात. डॉक्टर म्हणतात मनगट फिरेल, पण पूर्वीसारखं नाही. टर्नरचं मनगट पूर्वीसारखं नाही म्हणजे काय, हे डॉक्टरांना कळायचं नाही.

मागणं फार नाही. मुलीने टेप लावून मोजलं : 7 मीटर रुंद, 30 मीटर लांब, म्हणजे 210 चौरस मीटरचा उतार. लाल रंग खरवडून काढा आणि खऱ्या खडीचं काम करा. फाटकाअलीकडे गतिरोधक नियमाचा द्या, 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच, त्याआधी 40 मीटरवर फलक. सध्या आहे ती म्हशीची पाठ आहे, तीही वळणाच्या पलीकडे. आणि बिल काढायच्या आधी कुणीतरी खाली उतरून बोट फिरवा. बोलवलं तर मी येतो, डावं बोट चांगलं आहे.

कळावे.

आपला,
एक टर्नर, उद्यमनगर, कोल्हापूर

ता. क. खालची सही डाव्या हाताची आहे. बँकेत जुळली नाही म्हणून लेथवरच्या पोराला दिलेला पगाराचा चेक परत आला. आपल्याकडे चालेल असं धरतो.