कडा आणि दारू एका मापाने नको

महोदय,

कड्यावर चढणारे आणि व्यसनात अडकलेले दोघेही ‘स्वतःहून जिवाशी खेळणारे’, अशी सांगड घालणारा रविवार पुरवणीतील लेख वाचला. ती पटली नाही. मी अंजनेरी-ब्रह्मगिरी परिसरात बरीच वर्षे प्रस्तरारोहण करतो आणि माझा धाकटा भाऊ दारूच्या विळख्यात आहे. कड्यावर मी दोर तपासतो, खाली माझा दोर धरून सांभाळणारा (‘बिले’ देणारा) सोबती असतो, ढग दाटले की मागे फिरतो. भावाला मागे फिरणेच जमत नाही. आजार आहे तो हाच. (मी हरिहर गडावर गेलो तर आई निवांत झोपते, तो कोपऱ्यापर्यंत गेला तरी दारात उभी असते.) ‘मनावर घेतले की सुटते’ हे लेखातील विधान तर घातक आहे. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम तोडली तर आकडी येऊ शकते, भ्रम होतो, प्रसंगी जीवही जातो. आम्हीही असेच ऐकून त्याला घरात कोंडले होते. दुसऱ्याच दिवशी आकडी आली आणि रात्री दवाखाना गाठावा लागला. त्या लेखासोबत केंद्र सरकारच्या व्यसनमुक्ती हेल्पलाइनचा १४४४६ हा क्रमांक छापायला हवा होता.

– एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक