बाबा, किल्ला बघायचाय ना? मग नार्डनला जाऊ

ती. आई-बाबा,

शि. सा. नमस्कार. (बाबा, मायना लिहिलाय बघा, आता काही बोलू नका.)

व्हिसा आला हे कळलं, फार बरं वाटलं. आता आई सारखी ट्युलिप ट्युलिप करतेय, पण आई तू मेच्या शेवटी येतेयस आणि ती क्युकेनहॉफची बाग मेच्या मध्यापर्यंतच बंद होते गं, त्यामुळे ट्युलिप तुला फुलवाल्याकडेच बघावे लागतील. तिथून मीच तुला जुडी आणून देईन. पण बाबांचं म्हणणं की "तुमच्या त्या सपाट नेदरलँड्समध्ये बघायला आहे काय, एक डोंगर नाही की गड नाही", त्याचं उत्तर द्यायला हे एवढं लांबलचक लिहितेय, फोनवर तुम्ही ऐकून घेत नाही.

बाबा, तुम्ही तो चांदणीच्या आकाराच्या किल्ल्याचा फोटो फॉरवर्ड केला होतात ना, तो बूर्टांगचा. छानच आहे, पण तो पार जर्मनीच्या बॉर्डरला, ग्रोनिंगेन प्रांतात, जाऊन-येऊन दिवस संपतो, आणि तिथलं बरंचसं गेल्या शतकात पुन्हा बांधून काढलंय, १७४२ साली होतं तसं. मला विचाराल तर त्यापेक्षा नार्डन बघा. ट्रेनने अ‍ॅमस्टरडॅमपासून अर्धा तासही लागत नाही, आकार तसाच चांदणीचा, आणि मुख्य म्हणजे आत लोक राहतात. शाळा, न्हावी, बेकरी, सायकली, सगळं तटाच्या आत. आपल्या पन्हाळ्यावर कसं गडावरच गाव आहे तसंच, फक्त पन्हाळ्याला घाट चढायला लागतो आणि इथे आईच्या गुडघ्यांना एक पायरीसुद्धा नाही. तटावर चढायला गवताचा उतार आहे तेवढाच, आणि तोही नको असेल तर खालून खंदकाच्या कडेने चालता येतं.

निघायच्या आधी एक काम करा बाबा, गूगल मॅपवर नार्डन-फेस्टिंग (फेस्टिंग म्हणजे तटबंदीचं गाव) शोधा आणि सॅटेलाइट लावा. कारण तिथे गेल्यावर चांदणी दिसत नाही! जमिनीवरून नुसतं गवताचं टेकाड, पाणी, परत टेकाड, परत पाणी. दोन खंदक आहेत, सहा बुरूज आहेत, पण भिंत कुठेच उंच नाही, आणि पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं की ह्याला किल्ला काय म्हणायचं. पण बुरुजाच्या टोकावर उभं राहून मागे वळून बघायचं, मग कळतं. आपले बुरूज गोल, हे बाणाच्या टोकासारखे, आणि प्रत्येक बुरुजाच्या बगलेतून शेजारच्या बुरुजाची अख्खी भिंत दिसते, म्हणजे शत्रू भिंतीला चिकटून लपायला आला तरी बाजूच्या तोफेच्या माऱ्यात येणारच. भिंती बुटक्या आणि मागे मातीचा जाडजूड भराव, कारण उंच दगडी भिंत तोफेला आयतीच सापडते आणि मातीत गोळा रुतून बसतो. तुम्हाला ते बघताना वेळेचं भान राहणार नाही हे मला माहितीये, म्हणून आईसाठी तटावर बाक आहेत हे आधीच सांगून ठेवते.

आणि हे गाव इथेच का, तर पूर्वेकडून येणारी उंच, कोरडी वाळूची जमीन इथे संपते आणि पुढे अ‍ॅमस्टरडॅमपर्यंत सखल पाणथळ. म्हणजे अ‍ॅमस्टरडॅमवर चालून जायचं तर वाट इथूनच. डच लोकांची युक्ती अशी की शत्रू आला की मुद्दाम आपलीच शेतं पाण्याखाली घालायची, पण खूप नाही, गुडघाभरच. चालत यावं तर खालचे चर दिसत नाहीत, होडी घालावी तर ती टेकते. १६७२ ला फ्रान्सचा चौदावा लुई चालून आला तेव्हा हेच केलं. नार्डन मात्र तेव्हा फ्रेंचांच्या हातात गेलं, आणि ते परत घेतलं डचांचा सेनापती तिसऱ्या विल्यमने सप्टेंबर १६७३ मध्ये, तेव्हा तो २२ वर्षांचा होता. १६७३ बाबा! कोंडाजी फर्जंदांनी ६० माणसं घेऊन पन्हाळा घेतला तेच साल. मी हे तिथे पाटीवर वाचलं आणि पहिला विचार तुमचाच आला, की आता बाबा तासभर सुरू होणार. आत्ता दिसतो तो आकार त्यानंतरच्या दुरुस्तीचा, १६७५ ते १६८५ मधला. आणि ही पाण्याची संरक्षण लाइन २०२१ ला युनेस्कोच्या यादीत आली, आपला पन्हाळा २०२५ ला, त्यावर तुम्ही काय म्हणणार तेही मला माहितीये, राहू दे.

तटाच्या आतच एका बुरुजात म्युझियम आहे, तोफा, कोठड्या, आणि जमिनीखाली एक अरुंद बोळ, जिथे शिपाई कान देऊन बसायचे की शत्रू बाहेरून सुरुंग खणतोय का. आत गार आणि ओलसर असतं, बाबा स्वेटर घ्या, हो मे मध्ये पण. काही रविवारी जुन्या ड्रेसमधले लोक खरी तोफ उडवून दाखवतात, तो रविवार धरूनच जाऊ. उन्हाळ्यात तिथून बोट पण असते खंदकातून. आई, रंकाळ्यात बसली नाहीस, इथे तरी बस, पाणी हलत पण नाही.

आता मोठं चर्च. ग्रोटे केर्क. आत गेल्यावर आधी वर बघायचं, छत लाकडाचं आणि त्यावर १६व्या शतकाच्या सुरुवातीची चित्रं, एका बाजूला जुन्या करारातल्या गोष्टी, समोर नव्या करारातल्या, जोडी जोडीने लावलेल्या. मान दुखते, म्हणून मी फोन सेल्फी मोडवर टाकून आडवा धरते आणि त्यात बघत हळूहळू चालते, लोक हसतात, हसू देत. रंग अजून आहेत, लाल तर चांगलाच टिकलाय. ईस्टरच्या आधी इथे बाख ह्या जर्मन संगीतकाराचं मॅथ्यू पॅशन, म्हणजे येशूच्या शेवटच्या दिवसांची गोष्ट, गातात, १९२२ पासून चालू आहे, गुड फ्रायडेला मंत्री वगैरे येतात. ते तुमचं हुकेल, पण आई तू नुसता तिथे एक अभंग गुणगुणून बघ, आवाज कसा घुमतो ते.

हे चर्च वाचलं हेच विशेष. १ डिसेंबर १५७२ ला स्पेनच्या सैन्याने, म्हणजे तेव्हा इथे स्पेनचा कारभार बघणाऱ्या ड्यूक ऑफ अल्बाच्या मुलाच्या हाताखालच्या, गावाने शरणागती पत्करल्यावरसुद्धा माणसं एकत्र बोलावली आणि मारली, आणि मग गाव जाळलं. जिथे हे झालं तिथे आता स्पान्से हाउस म्हणजे स्पॅनिश घर आहे, १६१५ च्या दर्शनी भिंतीवर त्या कत्तलीचं दगडात कोरलेलं चित्र आहे, सायकलवरून जाणारे लोक त्याच्याखालून रोज जातात. आई, तुला हे फार सांगत नाही, तिथे बाबा बघतील, आपण दोघी समोरच्या दुकानात जाऊ.

बाबा, तुमच्यासाठी अजून एक, आणि खरं तर ह्याच्यासाठीच मी नार्डन निवडलं. कोमेनियस. तुमच्या बी.एड.ला होता, तुम्ही मला लहानपणी सांगितलेलं की चित्रांच्या पुस्तकातून मुलांना शिकवायचं हे पहिल्यांदा नीट करून दाखवणारा माणूस. १६५८ चं ते ऑर्बिस पिक्टस. मुली, गरीब, सगळ्यांना शाळा आणि आधी मातृभाषेतून, असं १७व्या शतकात म्हणणारा. मोरावियाचा, म्हणजे आजच्या चेक देशाचा, धर्माच्या लढायांमुळे आयुष्यभर वणवण, शेवटी अ‍ॅमस्टरडॅममध्ये आसरा, १६७० ला गेला आणि त्याला पुरलं नार्डनला. छोट्याशा चॅपलमध्ये समाधी आहे, चेक कलाकारांनी सजवलेली, शेजारी म्युझियम. ३४ वर्षं खडू धरलेल्या माणसाने तिथे गेलंच पाहिजे, पन्हाळा-बिन्हाळा नंतर.

बाकी फुटकळ. आर्सेनल म्हणजे १६८८ चं शस्त्रागार, हल्ली त्यात महाग फर्निचरची दुकानं आणि रेस्टॉरंट, किमती बघून परत यायचं. मार्क्टस्ट्राटवर कॉफी आणि अ‍ॅपलपाय घेऊ, पाय मस्त असतो, अंडं असतं आई, आधीच सांगते. तुझ्या दशम्या आणि कांदा-लसूण चटणी तटावरच्या बाकावर खाऊ, कोणी काही म्हणत नाही. घरांच्या खिडक्यांना पडदे नसतात, आत डोकावून "बघ गं किती नीटनेटकं" असं मोठ्याने म्हणायचं नाही. टॉयलेट रस्त्यात मिळत नाही, म्युझियममध्ये किंवा कॅफेत जाऊन घ्यायचं, ती काळजी मी करीन. रस्ते दगडी आहेत म्हणून चपला नकोत, ते बाटाचे बूट घाल. स्टेशनपासून गाव साधारण दोन किलोमीटर, आपण बसने जाऊ.

वेळ उरला तर माउडेनचा भुईकोट किल्ला पण जवळच आहे, पण मला वाटतं बाबा उरू देणार नाहीत.

बाबा, बीपीच्या गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी हॅंडबॅगेत ठेवा, मोठ्या बॅगेत नको. आणि चटणीचा डबा उलट, मोठ्या बॅगेत, दोन पिशव्यांत बांधून.

तुमची,
मनू