पहिली महिला रब्बी १९७२ ची नव्हे

प्रति,
संपादक, स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतल्या कोड्यात जगातली पहिली महिला रब्बी, म्हणजे ज्यूंची धर्मगुरू, म्हणून सॅली प्रीसँड, १९७२ असं उत्तर छापलंय. त्या अमेरिकेतल्या पहिल्या. बर्लिनच्या रेगिना योनास त्यांच्या जवळजवळ ३७ वर्षं आधीच, २७ डिसेंबर १९३५ ला, रब्बी झाल्या होत्या. चूक एकट्या तुमची नाही म्हणा, कित्येक वर्षं सगळेच असं सांगायचे.

या बाईंनी १९३० मध्ये प्रबंधाला विषयच घेतला, बाईला रब्बीपद घेता येतं का. आणि समानतेची भाषणं ठोकली नाहीत, तालमूद या ज्यूंच्या धर्मशास्त्राच्या ग्रंथातलेच दाखले काढून सांगितलं की पूर्वग्रह आणि सवय नसणं सोडलं तर शास्त्रात आडवं येणारं जवळजवळ काहीच नाही. प्रबंध पास झाला पण हातात सर्टिफिकेट पडलं धर्मशिक्षिकेचं, रब्बीपदासाठी आणखी पाच वर्षं थांबून शेवटी जर्मनीतल्याच ओफेनबाखचे रब्बी माक्स डीनेमान यांनी परीक्षा घेतली तेव्हा कुठे जमलं. खरं तर रब्बी म्हणजे मुळात शास्त्र शिकवणारा, अडलं की निर्णय देणारा. हे डोक्याचं काम, यात दाढी कुठून आली कळत नाही.

आपल्याकडे तरी काय वेगळं आहे. आमच्या वास्तुशांतीला पौरोहित्य करणाऱ्या ताई आल्या, स्कूटर लावून, खांद्याला दर्भ-समिधांची पिशवी. चौरंग मांडून, कलशात आंब्याचे डहाळे खोचून झाले तरी मामा घड्याळ बघत विचारतायत, गुरुजी कधी येणार? बरं मंत्र खणखणीत, प्रत्येकाचा अर्थही सांगत होत्या, मामांनी मान डोलावली सुद्धा. पण जाताना दक्षिणा देताना म्हणाले काय, तर "घ्या हो मॅडम". गुरुजी हा शब्द काही तोंडातून निघाला नाही.

योनासबाईंचंही तेच झालं. नाझींच्या काळात बरेच रब्बी पकडले गेले किंवा देश सोडून गेले, तेव्हा ठिकठिकाणी प्रवचनाला याच लागल्या. १९४२ मध्ये त्यांना नाझींच्या टेरेझिनच्या छावणीत नेलं, तिथेही नव्याने येणाऱ्या, हबकलेल्या माणसांना त्या धीर द्यायच्या, व्याख्यानं द्यायच्या. त्या व्याख्यानांची यादी आजही आहे, २४ विषय, आणि वर स्वतःचा उल्लेख एकमेव महिला रब्बी असा. दुसरं कोणी लिहील याची खात्री नसावी! १९४४ मध्ये त्यांना ऑशविट्झला पाठवून मारलं. त्यांच्याबरोबर छावणीत काम केलेले नामवंत लोक वाचले, त्यांनी पुढे ढीगभर लिहिलं, पण योनासबाईंचं नाव जाहीरपणे घेतलं नाही. १९९१ मध्ये बर्लिनच्या एका अभिलेखागारात एका संशोधक बाईंना कागद सापडले म्हणून आपल्याला कळलं.

तेव्हा पुढच्या रविवारी दुरुस्ती छापा ही विनंती. आणि शेजारी जागा उरली तर आपल्या बेने इस्रायली, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातल्या, डॉ. जेरुशा झिराड यांच्याबद्दल चार ओळी लिहा. रब्बी नव्हत्या, कामा हॉस्पिटलच्या डॉक्टर, पण १९२५ मध्ये मुंबईत ज्यूइश रिलिजस युनियन ही उदारमतवादी ज्यूंची संस्था उभी करण्यात पुढाकार त्यांचाच होता.

एक वाचक, ठाणे