पत्रकारितेचं पीजी निवडताना नुसता स्टुडिओ बघू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या करिअर पुरवणीत पत्रकारितेच्या पदव्युत्तर शिक्षणावर पूर्ण पान आलं, बरं वाटलं, कारण आमच्या ठाण्यात अजूनही मुलाने पत्रकार व्हायचंय म्हटलं की घरात पहिला प्रश्न येतो, पगार किती मिळणार. पण त्या पानावर कॅमेरे, स्टुडिओ आणि अँकरिंग यांचीच जास्त चर्चा होती, कोर्स निवडायचा कशावरून ते राहूनच गेलं. मी पीजी करून ठाण्यातच रिपोर्टिंग करते, अधूनमधून एका कॉलेजात शिकवायलाही जाते, म्हणून हे लिहितेय.

कुठल्याही शाखेची पदवी चालते हे आधी मुलांना ठासून सांगायला हवं. बीकॉम झालेली, लॉ झालेली मुलं या धंद्यात खूप कामाची असतात. आणि प्रत्येकाने लाखो रुपये भरून खासगी संस्थेतच जायला पाहिजे असंही नाही. मुंबई विद्यापीठाचा पत्रकारिता विभाग कलिन्यात आहे, ठाण्याहून किंवा वाशीहून कुर्ल्याला उतरलं की बस मिळते, पुण्याला रानडे इन्स्टिट्यूट (पुणे विद्यापीठाचा पत्रकारिता विभाग) आहे, अमरावतीला आयआयएमसीचं (भारतीय जनसंचार संस्था) केंद्र आहे आणि तिथे मराठी पत्रकारितेचा पीजी डिप्लोमा करता येतो. विद्यापीठाची फी खासगीच्या मानाने बरीच कमी असते. वर्ष-दोन वर्षं द्यायचीच आहेत तर पालकांनी अॅडमिशनच्या वेळी एकच गोष्ट विचारावी, मुलांना कागद वाचायला शिकवता का?

कागद म्हणजे काय ते सांगते. वर्गात मी एफआयआरची प्रत वाटते (नावं खोडून) आणि बातमी लिहा म्हणते. बहुतेक जण तक्रारीतली हकिगत उचलतात आणि आरोपीनेच गुन्हा केला असं ठोकून देतात, "पोलिसांकडे दिलेल्या तक्रारीनुसार" हे तीन शब्द गायब. गुन्हा घडल्याची तारीख एक, दाखल झाल्याची दुसरी, मध्ये तीन आठवडे गेलेत, हे कुणी बघतच नाही. खरी बातमी तिथेच असते ना, तीन आठवडे पोलीस ठाण्यात काय चाललं होतं! संवेदनशील गुन्हे सोडून बाकी एफआयआर 24 तासांत ऑनलाइन टाका असं सुप्रीम कोर्टाने 2016 मध्येच सांगितलंय, त्यामुळे हा सराव मुलांना घरबसल्याही करता येतो.

त्याहून गंभीर म्हणजे लहान मुलांवरच्या अत्याचाराच्या बातम्या. पॉक्सो कायद्याच्या कलम 23 प्रमाणे पीडित मुलाची ओळख पटेल असं काहीही छापता येत नाही, नाव तर नाहीच, पत्ता, शाळा, शेजारपाजारचे तपशीलसुद्धा नाहीत. पोरं मुलीचं नाव बरोब्बर टाळतात आणि "सावत्र बापाला अटक" लिहून खाली बापाचं पूर्ण नाव आणि सोसायटी देऊन मोकळी होतात. अख्ख्या बिल्डिंगला कळलं ना मग ती मुलगी कोण ते! हे पुस्तकात एका ओळीत असतं, पण दहा बातम्या तपासून घेतल्याशिवाय अंगात भिनत नाही. परत 1 जुलै 2024 पासून आयपीसी जाऊन भारतीय न्याय संहिता आली, बदनामीचं कलम 499-500 चं 356 झालं, तरी मुलांच्या हातातल्या नोट्स जुन्याच, झेरॉक्सच्या झेरॉक्स काढलेल्या. मला याचा खरंच राग येतो, कारण उद्या नोटीस आली तर ती त्या पोराच्या नावावर येणार.

महापालिकेचं तर विचारूच नका. नवी मुंबईत 2020 पासून आणि ठाण्यात 2022 पासून प्रशासक बसला, निवडणुका होईपर्यंत कितीतरी वर्षं गेली, तेवढ्या काळात शिकून बाहेर पडलेल्या मुलांनी आपल्या शहराची महासभा, म्हणजे नगरसेवकांची बैठक, एकदाही बघितली नाही. विषयपत्रिका कशी वाचायची, बजेटमध्ये मूळ अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष जमा असे वेगवेगळे आकडे का असतात, हे त्यांना कुणी दाखवणार कधी? आयुक्तांनी फुगवलेला मूळ आकडा हेडलाइनला जातो आणि वर्षाअखेर किती जमले ते कुणी छापत नाही. नवी मुंबईत काम करायचं तर साडेबारा टक्के योजना (घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंड परत) समजायलाच हवी, शहर वसवणाऱ्या सिडकोने 95 गावांची जमीन घेतली त्याचा हिशोब अजून तिथल्या घराघरात चालू आहे. विमानतळाच्या नावाचा वाद निघाला की प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटील यांचं नाव का येतं, हे जमिनीच्या मोबदल्यासाठी झालेलं 1984 चं जासईचं आंदोलन माहीत नसलेल्या रिपोर्टरला कसं कळणार?

आणि भाषा. ज्या पोराला मराठी पेपरातच काम करायचंय त्याने दोन वर्षं इंग्रजीतून पेपर लिहायचे आणि मग डेस्कवर बसून प्रेसनोटचं मराठी करायचं, यात हाल होतात. सातबारा, फेरफार, पंचनामा हे सगळं मराठीतच असतं, म्हणून लेखी सराव मराठीत घेणारा कोर्स मी आधी सुचवेन.

आता थोडं तुमच्याकडे येते, रागावू नका. इंटर्नशिप म्हणून मुलं येतात आणि महिना-दोन महिने फुकट राबतात, दिवसभर दुसऱ्यांच्या वेबसाइटवरच्या बातम्या फिरवून लिहितात. सगळीकडे हेच चाललंय. कळवा-मुंब्र्याच्या, ऐरोलीच्या साध्या घरातल्या मुलीला हे परवडत नाही, ती दुसऱ्या महिन्यात कॉल सेंटर धरते, आणि नेमकं तिच्याच वस्तीतल्या धोकादायक इमारतींवर लिहायला कुणी उरत नाही.

तुम्ही निदान तुमच्या ठाणे आणि नवी मुंबईच्या पानांसाठी दर सहामाहीला दोन-दोन विद्यार्थी घ्या, एकाला कोर्ट नाक्यावर आणि एकाला महापालिकेत रिपोर्टरबरोबर पाठवा, रोज त्यांची कॉपी लाल पेनाने तपासून परत द्या आणि लोकलचा पास आणि दुपारचं जेवण निघेल एवढं मानधन द्या. कॉलेजकडून मुलं निवडून पाठवायचं काम मी करेन, जूनमध्ये नवीन बॅच येईल त्याआधी कळवलंत तर बरं होईल.

आपली,
एक वार्ताहर, नौपाडा, ठाणे