एआयला शिव्या घालण्याआधी टूलचं वर्णन वाचा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

एआय एजंट, म्हणजे सांगितलेलं काम स्वतःच पार पाडणारे एआय प्रोग्राम, आले, आता आयटीतल्या नोकऱ्या राहणार की जाणार यावर पेपरात, टीव्हीवर आणि ऐरोली ते महापे शेअर रिक्षात रोज चर्चा चालू असते. पण या एजंटच्या हातात आपण जी टूल्स देतो, म्हणजे नोटीस पाठवण्यासारखं एकेक काम करणारे छोटे प्रोग्राम, त्यांची माहिती कोण लिहितं, कशी लिहितं, यावर कुणी चकार शब्द काढत नाही. मी महापेला सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे म्हणून हे पत्र, जरा लांबलं तर कात्री लावा.

आधी आमच्या सोसायटीत काय झालं ते सांगतो. मेंटेनन्स बिलाचं जे सॉफ्टवेअर आहे त्याला कंपनीने एजंट जोडून दिला, म्हणजे सेक्रेटरींनी मराठीत सांगायचं आणि त्याने काम करायचं. सेक्रेटरी म्हणाले, ज्यांची थकबाकी आहे त्यांना आठवण करून दे. आणि अर्ध्या तासात थकबाकीदारांना वसुलीची अंतिम नोटीस गेली, तीच ती, जिला कायद्यातलं कलम बदललं तरी सोसायट्यांमध्ये सगळे अजून 101 ची नोटीस म्हणतात. त्यात एक आजोबा होते ज्यांचा चेक आदल्याच दिवशी ऑफिसात दिलेला, फक्त एंट्री व्हायची होती. मग काय, गेटपाशी जे झालं ते लिहीत नाही. सगळ्यांचं एकमत, एआय येडा आहे.

मी टूल्सची यादी मागून बघितली. एका टूलचं नाव ‘सेंड नोटीस’, वर्णन एका ओळीचं, ‘सभासदांना नोटीस पाठवते’. साध्या रिमाइंडरचं वेगळं टूल होतं पण त्याचं नाव ‘कम्युनिकेशन टाइप टू’ आणि वर्णनाची जागा कोरी. आता मला सांगा, कुणीही काय निवडलं असतं?

एजंटला बहुतेक वेळा आपली स्क्रीन, लाल बटण, ‘नक्की पाठवायचं का?’ असलं काही दिसत नसतं. त्याला मिळतं टूलचं नाव, वर्णन आणि कुठली माहिती कुठल्या रूपात द्यायची त्याचा साचा, बास. अँथ्रोपिक या एआय कंपनीने नोव्हेंबर 2024 मध्ये एमसीपी नावाचा प्रोटोकॉल, म्हणजे एजंटला टूल्स जोडायची ठरावीक पद्धत, आणला, आता बरीच टूल्स त्याने जोडतात, त्यातही मूळ गाभा हाच. म्हणजे ते वर्णन हेच त्याचं ट्रेनिंग आणि तोच त्याचा सीनियर. तिथे असं लिहायला हवं होतं: थकबाकीदाराला वसुलीच्या कारवाईआधीची अंतिम नोटीस पाठवते, साध्या आठवणीसाठी वापरू नये, त्याला रिमाइंडरचं टूल आहे, कमिटीचा ठराव झालेला असेल तरच वापरावे, पाठवलेली नोटीस मागे घेता येत नाही. चार ओळी. यातली ‘कशासाठी वापरू नये’ ही ओळ माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची आणि नेमकी तीच कुणी लिहीत नाही.

आकड्यांचंही तेच. बऱ्याच पेमेंट गेटवेला रक्कम पैशांत द्यावी लागते, 50000 लिहिलं की ते 500 रुपये, आणि बिलाच्या सॉफ्टवेअरमध्ये तोच आकडा रुपयांत. 03/04 म्हणजे आपल्याकडे 3 एप्रिल, अमेरिकेत 4 मार्च, आणि सोसायटीच्या हिशोबात तर यात अख्खं आर्थिक वर्ष बदलतं. 1999 साली नासाचं मंगळावर निघालेलं क्लायमेट ऑर्बिटर यान एका सॉफ्टवेअरने बलाचा हिशोब पाउंडात आणि दुसऱ्याने न्यूटनमध्ये धरला म्हणून नष्ट झालं, तेव्हा कुठे होतं एआय? फरक एवढाच की आपल्या ऑफिसात शंका आली तर माणूस शेजारच्या टेबलवर विचारून घेतो, अरे हे रुपयात का पैशात, आणि काम भागतं. एजंट बऱ्याचदा विचारत नाही, अंदाज बांधून पुढे जातो, आणि तोही इतक्या आत्मविश्वासाने की आपल्याला कळेपर्यंत मेसेज गेलेले असतात.

हे काही नवीन शास्त्र नाही. युनिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या 1971 च्या पहिल्या मॅन्युअलमध्ये कमांडच्या पानावर ती काय करते हे तर होतंच, शिवाय ‘बग्स’ असा मथळा देऊन कुठे गडबड होते तेही लिहिलेलं आणि खाली ‘ओनर’ म्हणून ती कमांड कुणाची तेही. आपल्याकडे डॉक्युमेंटेशन म्हणजे रिलीजच्या आदल्या रात्री फ्रेशरच्या गळ्यात मारायचं काम, अप्रेझलमध्ये त्याला शून्य किंमत. हल्ली तर कोड एआयलाच देतात आणि म्हणतात तूच वर्णन लिही. ते सुबक येतं, पण कोडमध्ये ठरावाची अट लिहिलेलीच नसेल तर ते बिचारं कुठून आणणार? ती अट कमिटीच्या आणि सपोर्टवाल्या मुलीच्या डोक्यात असते. तिला बसवा ना लिहायला, पगार देऊन.

नुसतं लांबलचक लिहूनही उपयोग नाही, जोडलेल्या टूल्सची वर्णनं एआय मॉडेलच्या कॉन्टेक्स्टमध्ये, म्हणजे ते एका वेळी जेवढा मजकूर वाचू शकतं त्यात, जागा खातात, पाल्हाळ लावलं की कामाचं बाजूला राहतं. आणि एमसीपीत टूलला ‘हे नुकसान करू शकतं’ अशी खूण लावता येते, पण ती नुसती सूचना, कुलूप नव्हे. पैसे, डिलीट, नोटीस असल्या कामांना माणसाची मंजुरी सॉफ्टवेअरमध्येच पक्की हवी, चांगल्या वर्णनाच्या भरवशावर ते सोडता येणार नाही.

आता महापालिका, बँका, सोसायट्या सगळेच एजंट लावायच्या मागे आहेत. त्यांना एवढंच सांगणं, कंत्राट देताना टूल्सची वर्णनंही मागा, आणि बिल पास करायच्या आधी ती तुमच्या काउंटरवरच्या क्लार्कला वाचायला द्या. त्याला नुसतं वाचून कळलं नाही की कुठलं टूल कधी वापरायचं, तर कंपनीला परत पाठवा. आमच्या कमिटीने आता हेच लेखी कळवलंय, उत्तर अजून आलेलं नाही.

आपला,
एक वाचक, ऐरोली, नवी मुंबई