चौदावा प्रश्न कोणी वाचला होता?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

प्रोजेक्टला नीतिमत्ता समितीची (संशोधनात माणसांना त्रास होऊ नये हे आधी तपासणाऱ्या समितीची) मंजुरी मिळवण्यात दोन महिने गेले, ही एका विद्यार्थ्याची तक्रार याच सदरात वाचली. तक्रार खोटी नाही. मी जिल्हा परिषदेचा निवृत्त शिक्षक. एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या अशा समितीवर ‘सामान्य नागरिक’ म्हणून बसतो. कोरम भरत नाही, बैठक पुढे जाते आणि पोरांचं सेमिस्टर निघून जातं. पण जिथे मंजुरी कोणी मागतच नाही, तिथे काय होतं तेही पाहिलं आहे.

दिवाळीनंतरची गोष्ट. समाजकार्य शिकणाऱ्या दोन मुली आमच्या गावात आल्या. (गाव, तालुका मुद्दाम लिहीत नाही, आमच्याकडे नुसतं नाव गाळून काही लपत नाही.) शेतकरी नवरा आत्महत्येने गेलेल्या एका बाईची मुलाखत हवी होती. कापूसवेचणीचे दिवस, तिला वावरातून बोलावून आणलं, म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेली. ओसरीवर सासू, दीर, दोन शेजारणी आणि मी. चौदावा प्रश्न असा : ‘पतीच्या निधनानंतर आपणास कसे वाटले? अ) खूप वाईट ब) वाईट क) सांगता येत नाही.’ बाई गप्प. सासूच बोलली. मुलीने ‘अ’वर खूण केली. संमतिपत्रावर सही घेतली ती सगळं झाल्यावर.

त्या गेल्यावर बाईने मला विचारलं, “गुरुजी, आता तं ते एक लाख भेटतीन ना?” तिचं सरकारी मदतीचं प्रकरण अपात्र ठरलेलं. तिला त्या पोरी तहसीलच्या वाटल्या होत्या.

मुलींवर राग नाही. त्यातली एक फाट्यावर एसटीची वाट पाहताना रडत होती. तिला तरी कोणी तयार करून पाठवलं होतं?

आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. समितीत किमान सात जण, अध्यक्ष संस्थेबाहेरचा. संमती आधी आणि समजेल अशा भाषेत घ्यायची. लिहिता-वाचता येत नसेल तर निःपक्ष साक्षीदार हवा. कमी जोखमीचा अभ्यास पूर्ण बैठक न बोलावता तपासायची सोयही त्यातच आहे. ती वापरली तर कोणाचे दोन महिने जाणार नाहीत. अशा मुलाखतींना मात्र पूर्ण बैठकच हवी. पण ही तत्त्वं आरोग्याशी संबंधित संशोधनाची. कला, वाणिज्य, समाजकार्याच्या खेड्यातल्या कॉलेजात प्रश्नावली पाहतो तो एकटा गाईड, तोही घाईत. आता नव्या शैक्षणिक धोरणात पदवीलाच फील्ड प्रोजेक्ट आला आहे. म्हणजे प्रश्नावल्या घेऊन येणारी पोरं वाढणारच.

प्रत्येक कॉलेजला स्वतंत्र समिती झेपणार नाही, हे कळतं. विद्यापीठाने चार-पाच कॉलेजं मिळून एक करावी आणि तिच्यावर गावातली एक बाई घ्यावी. आमच्या समितीत मीच कितीदा ‘सदर संशोधनात मी स्वेच्छेने सहभागी होत असून’ अशी संमतिपत्रं डोळे मिटून पुढे सरकवली. एक घरी वाचून दाखवलं, तर बायको म्हणाली, “कोर्टाचं हाये का हे?”

अशी बाई हवी असेल तर नाव सुचवतो. बैठक मात्र वेचणी आटोपल्यावर ठेवा.

– एक निवृत्त शिक्षक, जि. यवतमाळ