दोन तारखांच्या मधल्या दिवसांत पेशंट कोणाचा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मानसिक आजाराची चर्चा आपल्याकडे डॉक्टरपाशी सुरू होते आणि तिथेच संपते. तज्ज्ञ किती आहेत, तालुक्याला कधी येतात, वगैरे. मी सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स होते, आता निवृत्त आहे. स्किझोफ्रेनियाचा किंवा बायपोलरचा पेशंट घरी नीट राहतो की पुन्हा हातपाय बांधून जीपमधून न्यावा लागतो, हे डॉक्टरच्या दोन तारखांच्या मधल्या दिवसांत ठरतं, असं माझं मत आहे. ते दिवस सिस्टरचे असतात, आणि नेमकी तीच जागा आपल्याकडे मोकळी आहे.

ज्यांना रोज गोळी घेणं जमत नाही, त्यांना फ्लुफेनाझिनसारखं इंजेक्शन दोन ते चार आठवड्यांनी देतात. औषध तेलातलं असतं. खोल स्नायूत, सावकाश ढकलावं लागतं आणि नंतर जागा चोळायची नसते. हे काम दोन मिनिटांचं. वेळ जातो तो पेशंटशी बोलण्यात. झोप लागते का, आवाज अजून येतात का, ते काय सांगतात, हात थरथरतात का. पाय एका जागी ठरत नसले की घरचे म्हणतात आजार वाढला. पुष्कळदा तो औषधाचा त्रास असतो आणि डॉक्टरांनी डोस बदलला की कमी होतो. मान एकीकडे पिळवटली, जीभ ओढली गेली, की 'बाहेरचं झालं' म्हणून देवऋषाकडे धावाधाव होते. दवाखान्यात फेनर्गनच्या एका इंजेक्शनने बहुतेक वेळा थोड्याच वेळात आराम पडतो. पण असं होऊ शकतं, हे घरच्यांना आधी सांगून ठेवणार कोण? (सौंदत्तीच्या यल्लम्माला जा, चिंचलीच्या मायाक्काला जा, माझी ना नाही. जाताना गोळ्यांची पिशवी तेवढी घरी विसरू नका.)

आमच्या बेळगावच्या सीमाभागात यात आणखी एक गाठ आहे. निपाणीकडचा पेशंट कोल्हापूर-मिरजेला जातो. खानापूरचा कधी धारवाडला डिमहान्स या मनोरुग्णालयात, तर कधी चोर्ला घाट उतरून गोव्यात बांबोळीच्या सरकारी दवाखान्यात. पाव्हणे जिकडे, दवाखाना तिकडे, त्यात वावगं काही नाही. पण कोल्हापूरची चिठ्ठी आणि विकत घेतलेलं इंजेक्शन घेऊन आरोग्य केंद्रात आलेल्या एका आईला 'तिकडचं तिकडंच घ्या' म्हणून परत लावलेलं मी पाहिलं आहे. चिठ्ठीची घडी पडून पडून मधली ओळ पुसून गेली होती. मुलगा दारात उकिडवा बसलेला. त्याला पुन्हा बसमध्ये बसवायचं तर दोघांची मजुरी बुडणार. इंजेक्शन चुकलं ते चुकलंच. क्षयाच्या पेशंटाने औषध सोडलं तर आशाताई घरी येऊन चौकशी करते. याला कोणी शोधायला आलं नाही, कारण इकडच्या कुठल्याच नोंदवहीत तो नव्हता.

आता भाषा. हा विषय काढला की लगेच दुसरंच सुरू होतं, म्हणून बेतानेच लिहिते. माझ्या कन्नड सहकाऱ्यांनी मराठी पेशंटांचं केलेलं मी जवळून पाहिलं आहे, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. ताप बघायला भाषा फारशी लागत नाही. मनातला संशय, भास, जीव द्यायचा विचार मात्र माणूस आपल्याच भाषेत बोलतो. शाळकरी पोराला दुभाषा म्हणून मध्ये उभं करून त्याच्या आईला 'मरावंसं वाटतं का?' असं विचारताना मी ऐकलं आहे. तिने मान हलवली, नाही म्हणाली. पोरापुढे दुसरं काय म्हणणार? 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं 22 वं कलम सांगतं की आजाराची आणि उपचाराची माहिती पेशंटाला समजेल अशा भाषेत मिळाली पाहिजे. हा कायदा केंद्राचा आहे, कर्नाटक आणि महाराष्ट्र, दोन्ही राज्यांना सारखाच लागू.

शरीराकडे तर कोणीच बघत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्यानुसार गंभीर मानसिक आजार असलेली माणसं इतरांपेक्षा 10 ते 20 वर्षं आधी जातात, आणि बऱ्याच जणांचा जीव साध्या शारीरिक आजारांनी जातो. काही औषधांनी वजन आणि साखर वाढते. बायपोलरसाठी लिथियम हे औषध चालू असलेला माणूस उन्हातान्हात ऊस तोडतो, अंगातलं पाणी कमी होतं आणि रक्तातलं औषध वाढतं. मग उलट्या, जुलाब, थरथर. अशा वेळी सलाईन लावून घरी पाठवण्याआधी 'लिथियम चालू आहे का?' एवढं तरी विचारायला हवं.

सरकारच्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात परिचारिकेची तरतूद आहे. मंगळवारी तालुका रुग्णालयांत 'मनोचैतन्य' या योजनेचा मानसिक आजारांसाठीचा दवाखाना असतो. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबरही 2022 पासून आहे, पण फोनवरून इंजेक्शन देता येत नाही. क्षेत्रफळाने कर्नाटकात सर्वांत मोठा असलेला हा बेळगाव जिल्हा एखाद-दुसऱ्या सिस्टरने कसा सांभाळायचा? प्रत्येक तालुका रुग्णालयात या कामासाठीच एक प्रशिक्षित सिस्टर हवी. खानापूर, बेळगाव, निपाणीत ती मराठी बोलणारी असावी. चिठ्ठी कोल्हापूरची असो की धारवाडची, इंजेक्शनची तारीख तिच्या वहीत चढावी, आणि तारीख चुकली तर त्याच आठवड्यात घरी फोन जावा. तिला प्रसूती विभागात आणि लसीकरणाला पळवू नये, ही खास विनंती. आमच्या वेळी प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र भिंतीवर लागायचं आणि सिस्टर लेबर रूममध्ये.

हिवाळी अधिवेशन बेळगावातच भरतं. आपल्या आमदारांनी तिथे लेखी उत्तर मागावं: जिल्ह्यात अशी इंजेक्शनं चालू असलेले पेशंट किती, आणि गेल्या तीन महिन्यांत त्यांतल्या किती जणांची तारीख चुकली?

— एक निवृत्त परिचारिका, ता. खानापूर
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)